अक्काची दुसरी किडनी

११ नोव्हेंबर २०१८, रविवार

पाणी २४०० मिली. लघवी २१५०. रक्तदाब १३०/८२. गोळ्या सकाळ-संध्याकाळ वेळेवर.

सतरा वर्षं रोज जवळजवळ एवढंच लिहीत आलो. २००१च्या मार्चमध्ये लखनौला माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, डावी किडनी माझ्या पोटात बसवली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही सवय लावून दिली. इथे झाशीत रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढण्यात अख्खी नोकरी गेली, त्यामुळे मोजमापाचा कंटाळा नाही. पण आज आकड्यांखाली आणखी काही लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अक्का सकाळी लक्ष्मी गेटपाशी भाजी घेत होती. पिशवीत मटार भरताना छातीत कळ आली आणि ती दुकानाच्या पायरीवर बसली. दुकानदाराचा मला फोन आला, "भाईसाहब, बहनजी को पसीना छूट रहा है." मी आणि माझी बायको प्रेमला नगऱ्यातल्या घरून रिक्षाने पोचलो, तर ती त्याच्याशीच भांडत होती, शेंगा किडक्या दिल्या म्हणून. अडतीस वर्षं मुलींना हॉकी शिकवलेली बाई. बसल्या जागेवरूनही तिचा आवाज चौकापलीकडे जातो. पण ओठ पांढरे पडले होते. भाऊबीजेला आमच्या जिन्यात ती दोनदा थांबली होती, ते आत्ता आठवतंय. तेव्हा मला वाटलं, गुडघे.

हृदयाच्या रुग्णालयात नेलं. डॉ. निगम तरुण आहेत, भराभर बोलतात. म्हणाले, "अटैक अभी आया नहीं है, पर आने में देर भी नहीं है." मनगटातून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य, सोडायचं आणि फोटो काढायचे. अँजिओग्राफी. अडथळा दिसला तर तिथल्या तिथे स्टेंट.

अक्का म्हणाली, "नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना, मधू."

घाबरली असणार. एकोणसत्तर वर्षांची आहे, शेवटी माणूसच. पण हट्टीपणा जुनाच. गुडघे झिजलेत, चालताना लंगडते, तरी इतक्या वर्षांत दुखण्याची एक गोळी घेतलेली नाही. लेप लावते, शेकते, पण गोळी म्हटली की तोंड फिरवते.

१२ नोव्हेंबर, सोमवार

अक्काचे रक्ताचे रिपोर्ट आले. क्रिएटिनिन १.७. हा आकडा जितका वर, तितकी किडनी थकलेली.

कागद हातात घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसलो. माझं गेल्या महिन्यात १.३ होतं. एकाच पोटातून निघालेली जोडी. एक माझ्याकडे आली आणि धडधाकट राहिली. तिच्याकडे उरली ती थकली.

डॉ. निगम रिपोर्ट पाहून जरा हळू बोलायला लागले. ते डाय शरीराबाहेर पडतं ते किडनीवाटेच. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. पण एकच किडनी, तीही तिसऱ्या हिश्शाने काम करणारी, वर वय आणि वाढलेला रक्तदाब. अशा माणसाची किडनी डायने आणखी दुखावू शकते. क्वचित डायलिसिसपर्यंत जातं. आणि फोटो न काढावा तर हृदयाचा भरवसा नाही. मी विचारलं, "यातून मार्ग?" ते म्हणाले, "आपके गुर्दे वाले डॉक्टर को बुलाइए. हम दोनों मिलकर करेंगे."

अक्काच्या मुलीचा, सिंधूचा, बंगळूरहून फोन आला. सुट्टी काढून, विमान-गाडी करत यायला तिला तीन दिवस लागणार. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तुम्ही दर तीन महिन्यांनी स्वतःचं रक्त तपासता ना? आईचं शेवटचं कधी तपासलं?"

मी म्हटलं, अक्का स्वतःच जाते म्हणाली होती.

"तुम्ही कधी रिपोर्ट बघितलात?"

पोरगी काळजीने बोलली, त्याचं वाईट वाटून घेत नाही. पण संध्याकाळी जुन्या वह्या काढल्या. सतरा वह्या. माझ्या लघवीचा एकेक दिवस त्यांत आहे. अक्काचं नाव भाऊबीज आणि राखीपुरतं.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

किडनीचे डॉ. बुधौलिया आले. लखनौहून परतल्यापासून तेच मला बघतात. मास्क लावून बसण्याच्या अटीवर त्यांनी मला वॉर्डात येऊ दिलं, कारण माझ्या गोळ्यांमुळे मला कुठलीही लागण लवकर होते. प्रेमला दाराशी पहारा देते.

त्यांनी अक्काला तासभर विचारलं. मीठ? नावापुरतं. पाणी? रोज अडीच लिटर. दुखण्याच्या गोळ्या? एकही नाही. जडीबुटी, भस्म? नाही. डॉक्टर थक्क झाले. म्हणाले, "इतना परहेज़ तो मेरे मरीज़ भी नहीं करते." मग विचारलं, तपासणी? अक्का खिडकीकडे बघत म्हणाली, "२००३ के बाद नहीं कराई." आणि नेमका तोच घोटाळा होता. रक्तदाब कधीतरी वाढला, कुणी मोजला नाही, आणि तो इतकी वर्षं आतून किडनी झिजवत राहिला.

मग मला त्यांनी उपाय सांगितला. मला वाटलं होतं, काही भारी इंजेक्शन असेल, परदेशी. ते हसले. "कोई जादू नहीं है, मधुसूदनजी. नमक का पानी." डायच्या आधी काही तास आणि नंतर काही तास शिरेतून सलाईन, वजनाच्या हिशेबाने थेंब थेंब, म्हणजे किडनी भरल्या पाण्यात राहील आणि डाय साचून न राहता वाहून जाईल. हृदय नाजूक, म्हणून फार जोरात नाही. लघवी जास्त करणारी रक्तदाबाची गोळी, जी इथे आल्यावर सुरू झाली होती, ती दोन दिवस बंद. डाय रक्ताशी जास्तीत जास्त जुळणारं. आणि ते कमीत कमी. त्यांनी केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, साठ मिलीच्या वर नाही.

साठ मिली! आपली चहाची अर्धी वाटी. तेवढ्यावर माणसाचं पुढचं आयुष्य. आणि राखण कशाची, तर मिठाच्या पाण्याची.

ते निघताना अक्काने त्यांना एक चमत्कारिक प्रश्न विचारला. "डॉक्टरसाहब, जो दिया हुआ गुर्दा है, वो कितने साल चलता है?"

"पंद्रह, बीस. किसी का ज़्यादा भी."

"और एक आदमी दो बार दे सकता है?"

बुधौलियांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "नहीं बहनजी. दूसरा कोई नहीं लेगा. किसी हाल में नहीं."

"सत्तर के पहले भी नहीं?"

"कभी नहीं."

औषधांनी तिला गुंगी आली असावी. त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडली, जेवलीसुद्धा नाही. रुग्णालयाची लौकीची, म्हणजे दुधीची, भाजी तिला कधीच चालणार नव्हती.

१४ नोव्हेंबर, बुधवार

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर वाईट येणार.

सकाळी पुन्हा कळ आली. जिभेखाली गोळी ठेवल्यावर थांबली. डॉ. निगम म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही, उद्या करू. अक्का पुन्हा नाही म्हणाली. मी रागावलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो असेन. म्हटलं, एवढी कसली भीती? अख्ख्या बुंदेलखंडात मुलींना घेऊन फिरलीस, तंगड्या मोडून घेतल्यास, आणि मनगटातल्या सुईला घाबरतेस?

ती म्हणाली, "सुईला कोण घाबरतंय? ती माझी नाही म्हणून नाही म्हणते."

"काय तुझी नाही?"

"ही. उरलेली." तिने कमरेवर हात ठेवला. "तुझ्यासाठी राखून ठेवलीय."

मला कळेचना. मग ती मास्तरणीच्या आवाजात सांगायला लागली, जसं काही मीच वर्गात लक्ष देत नव्हतो. लखनौला तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं की बसवलेली किडनी पंधरा-वीस वर्षं टिकते. तिने तिथेच हिशेब केला. मधू तेव्हा साठीच्या आसपास असेल, मी सत्तरीच्या आत. म्हणजे दुसरी देता येईल. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे, सिंधू तोवर मार्गाला लागलेली असेल. त्या दिवसापासून मीठ सोडलं. कुणी सांगितलं होतं, दुखण्याच्या गोळ्यांनी आणि असल्या डायने गुर्दा बिघडतो, म्हणून गुडघे तसेच ओढले. रोज तांब्या भरून पाणी. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवायला दिली की जपतात, तशी जपली.

"मग तपासणी का नाही केलीस?"

इथे तिचा आवाज पहिल्यांदा खाली गेला. "दोन वर्षं जात होते तपासायला. मग वाटलं, आकडा वाईट निघाला तर तुला कळेल. मग तू घेणार नाहीस. न बघता चांगलीच आहे, असं धरून चालले." थोडं थांबून म्हणाली, "आता हा बुधौलिया म्हणतो, दोनदा देताच येत नाही. हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर?"

मी तिच्या पलंगाशी उभा होतो. सतरा वर्षं दर भाऊबीजेला मी तिच्यासमोर पाटावर बसलो, श्रीखंड खाल्लं, तिला म्हटलं, गुडघ्याला गोळी घे की गं. ती म्हणायची, तुला काय करायचंय. काय करायचंय ते आज कळलं.

एका माणसाने हे केलं. माझ्यासाठी. कुणाला न सांगता, रोज, सहा हजारांवर दिवस.

शेवटी एवढंच म्हणालो, "अक्का, आता ती माझ्यासाठी नाही. ती तुझ्यासाठी वाचवायचीय."

"माझ्यासाठी तिचं काय करायचंय?"

दारातून प्रेमला म्हणाली, "लघवी करायची, वन्सं. अजून पंधरा वर्षं."

अक्का हसली. छातीवर हात धरून हसली. मग म्हणाली, "आण तो कागद. कुठे सही करायची?"

१५ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सातला सलाईन सुरू. इथली मोठी नर्स पार्वती ही अक्काची विद्यार्थिनी निघाली. "बहनजी, आपने हमें बहुत दौड़ाया है. आज आप लेटिए, दौड़ेंगे हम." दर अर्ध्या तासाला ती येऊन थेंब मोजायची, फुफ्फुसात पाणी भरत नाही ना ते छातीला नळी लावून ऐकायची. साधं मिठाचं पाणी बाटलीतून उतरत होतं. मी इतकी वर्षं हजार वेळा सलाईन पाहिलं असेल. त्याकडे कधी असा टक लावून बसलो नव्हतो.

साडेअकराला आत नेलं. डॉ. निगमनी मला काचेपलीकडे उभं राहू दिलं. "आप ड्राफ्ट्समैन थे ना? आइए, नक्शा देखिए."

पडद्यावर आधी काहीच नव्हतं. फक्त एक राखाडी सावली, धडधडणारी. मग त्यांनी थोडंसं डाय सोडलं आणि त्या सावलीवर एक झाड उगवलं. काळं, फांद्याफांद्यांचं, बोटभर खोडापासून केसाएवढ्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक ठोक्याला सबंध झाड हलत होतं. दोन-तीन सेकंद. मग विरून गेलं. मी चाळीस वर्षं पेन्सिलीने रेघा ओढल्या. असली रेघ माझ्याकडून जन्मात निघाली नसती. माझ्या बहिणीचं हृदय मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते सांगता येणार नाही.

आणि त्याच क्षणी मनात आलं, विरलं म्हणजे गेलं कुठे? खाली. तिच्याकडे. त्या एकटीकडे.

एका मोठ्या फांदीत झाड मोडल्यासारखं बारीक झालं होतं. स्टेंट तिथेच बसवायचा ठरला. डॉ. निगम प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा सांगत होते, बुधौलियांना तसं कबूल केलं होतं म्हणून. "अठारह... चौबीस..." एकदा सहायकाने आणखी एक फोटो सुचवला, छान कोनातून. निगम म्हणाले, "सुंदर फोटो नहीं चाहिए. काम का हो गया." शेवटचा आकडा सेहेचाळीस. साठ लिहून दिले होते, चौदा वाचवले.

बाहेर येताना अक्का म्हणाली, "झालं? मग पाणी द्या."

संध्याकाळी सिंधू पोचली. मला ओलांडून थेट आईकडे गेली. मीही तिच्या नजरेला नजर दिली नाही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

क्रिएटिनिन १.८. लघवी भरपूर. अक्काने उठून बसत परिचारिकेला ताठ चालण्याविषयी सूचना दिल्या. मी घरी जाऊन नीट जेवलो.

१७ नोव्हेंबर, शनिवार

२.२.

बुधौलिया म्हणाले, चोट लगी है. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ते कळतं. लघवी कमी झालेली नाही हे चांगलं. आता वाट बघायची, दुसरं औषध नाही.

सिंधू खिडकीशी उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "तू विचारलंस ते बरोबर होतं. मी कधीच बघितलं नाही." ती रडली नाही. म्हणाली, "मलासुद्धा सांगितलं नव्हतं तिने, मामा. मी तरी कुठे विचारलं?"

अडथळा वगैरे नाही ना, ते बघायला बुधौलियांनी दुपारी सोनोग्राफी केली. स्वतः बसले. आधी डाव्या बाजूला यंत्र फिरवलं. तिथे काही नव्हतं. ते नसणं मी पहिल्यांदा पाहिलं. मग उजवीकडे. पडद्यावर ती आली. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची, राखाडी, शांत. त्यांनी दोन टोकांवर खुणा करून मोजली. साडेबारा सेंटिमीटर.

"बड़ी है," मी म्हटलं. बायकांची दहाच्या आसपास असते, एवढं मला माहीत होतं.

"बढ़ गई है," ते म्हणाले. "जोड़ीदार निकल गई तो इसने दोनों का काम उठा लिया और धीरे-धीरे बड़ी हो गई. इसको किसी ने बताया नहीं था. फिर भी पता चल गया."

अक्का पडल्या पडल्या मान वळवून पडद्याकडे बघत होती. इतकी वर्षं जिला जपलं तिचं तोंड आज पाहत होती. "मैं तो समझी थी छोटी-सी होगी," एवढंच म्हणाली.

१९ नोव्हेंबर, सोमवार

काल रविवार, रक्त घेतलं नाही. आज २.०. उतरतंय. बुधौलियांनी दोन बोटं वर केली आणि मग बोटं खाली खाली आणून दाखवली, लहान मुलाला दाखवावं तसं.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

१.७. जिथून निघालो तिथे आलो. अक्का आज घरी. रक्तदाबाची नवी गोळी सुरू. महिन्याने तपासणी, मग दर तीन महिन्यांनी. तारखा मी आणि सिंधूने दोघांनी लिहून घेतल्या.

गाडीत बसताना अक्काने बुधौलियांना विचारलं, इतक्या लोकांना ते डाय देतात, सगळ्यांची अशीच राखण करता का? ते म्हणाले, सगळ्यांना गरज नसते, पण ज्याला आहे त्याचं क्रिएटिनिन आधी बघायला हवं. बघितलं तरच कळतं. अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस?" खरं तर ते तिलाही होतं. पण मी हो म्हणालो.

२ डिसेंबर, रविवार

थंडी वाढलीय. ऊन खायला अक्काला तिच्या जुन्या शाळेच्या मैदानावर नेलं. डॉ. निगमनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. एक चक्कर झाल्यावर बाकावर बसलो. समोर मुली हॉकी खेळत होत्या. अक्का पुटपुटत होती, "कमर झुका... अरे झुका..."

मग अचानक म्हणाली, "मधू, तुझी थकली तर काय करायचं रे? माझ्याकडे तर आता द्यायला काही राहिलं नाही."

मी म्हटलं, "थकली तर डायलिसिस करेन. झाशीत आता होतं. तू येऊन शेजारी बसशील."

"बसेन."

ती पुन्हा मुलींच्या खेळाकडे बघायला लागली. आणि मला एकदम लक्षात आलं की तिच्या दोन्ही किडन्या या घडीला एकाच बाकावर आहेत. एक तिच्या पाठीशी, एक माझ्या पोटात, मध्ये हातभर अंतर. दोघी कामात. आम्ही दोघं नुसते ऊन खात बसलो होतो, आणि त्या, आम्हाला न विचारता, थेंब थेंब रक्त धूत होत्या. जन्माला आल्या तेव्हा एकत्र होत्या. सतरा वर्षांपूर्वी त्यांची ताटातूट झाली, आणि दोघींनी आपापल्या माणसाला सांभाळलं.

माझे डोळे भरून आले. अक्काने पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग ऊठ. दुसरी चक्कर राहिलीय," असं म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून माझ्याआधी उठली.